केरुबोने मला कुठे धरावे

मी, फेस्टस बरासा मकोखा, वय वर्षे तेवीस, राहणार करागिता वस्ती, नैवाशा, धंदा सध्या नाही, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. मी आजारी नाही आणि स्वतःला काही करूनही घेणार नाही. आमच्या अंत्यविधीच्या भिशीत प्रत्येकाचे मृत्युपत्र लागते, म्हणून हे. रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. भिशीच्या अध्यक्ष अडोंगोमावशींनाही ते मान्य आहे.

१. सर्व काही केरुबो न्याबोके हिला देणारे माझे मागचे मृत्युपत्र आजपासून रद्द. कोणी पुढे केलेच तर त्यावर गरम भांडे ठेवावे.

२. सायकल धाकट्या भावाला. पुढचा ब्रेक लागत नाही.

३. हिशेबाची पुस्तके वडिलांना. केरुबोला इथल्या गुलाबाच्या मळ्यावर काम लागले, तसा मी नाकुरूचे कॉलेज अर्ध्यावर टाकून तिच्यामागे आलो. तेव्हा बाबा म्हणाले होते, "पोरीच्या मागे चाललास, निदान पुस्तकं तरी ने." नेली होती, बाबा. मळ्याच्या ऑफिसात कारकून झालो तेव्हा त्यांतले एक प्रकरण कामाला आले, आणि त्यातच माझी नोकरी गेली.

ते कसे, हे नोंदवणे भाग आहे. फुलांच्या जुड्या बांधायची शेड थंडगार ठेवतात. बायका तिथे उघड्या हातांनी उभ्या असतात. बोटे बधिर झाली की काम सोडतात. वर्षाच्या सुरुवातीला त्या एकशे दहा होत्या, शेवटी नव्वद, म्हणजे सरासरी शंभर. वर्षभरात सोडून गेल्या अडतीस. गळती शेकडा अडतीस. नवी बाई शिकेपर्यंत जेवढी फुले मोडते, तेवढ्यात सगळ्यांना हातमोजे येतात, असे मी साहेबांच्या वार्षिक बैठकीत मांडणार होतो. फक्त गेलेल्यांचे दोन भाग करावे लागतात: ज्यांचे जाणे टाळता आले असते त्या, आणि लग्न, मरण, म्हातारपण यांमुळे गेलेल्या.

केरुबो दोन वर्षे त्याच शेडमध्ये होती. आदल्या दिवशी माझ्याकडे उगाली खाताना म्हणाली, "आकडा तू सांग, त्यामागचं कारण मी सांगते. माझे हात बघितलेत ना तू?"

बैठकीत ती उठली आणि म्हणाली, "साहेब, त्यातल्या तीस जणी लग्न करून गेल्या. त्याला कोण काय करणार?"

"मग आठच धरा," साहेब म्हणाले. "लग्नावर हातमोज्यांचा काय उपयोग?"

सगळे हसले. मी टेबलावर हात आपटून तिला खोटारडी म्हणालो, साहेबांना त्याहून वाईट. संध्याकाळी मला काढले. सोमवारी माझ्या खुर्चीत केरुबो बसली. ऑफिसातली जागा तिला आधीच कबूल केलेली होती.

मी फाटकाशी गाठून विचारले, "तीस लग्नं? एकीचं तरी जेवलीस का?"

ती म्हणाली, "तुझं गणित बरोबर होतं रे. पण त्या गणितानं मला शेडमधून बाहेर काढलं नसतं."

४. राखाडी लोकरीचे हातमोजे. पहिल्या पगारात तिच्यासाठी घेतले होते. ऑफिसात गेल्यावर तिने ते शेजारणीच्या हाती परत पाठवले, निरोप एवढाच, "आता लागत नाहीत." शेडमध्ये तिच्या जागी जी बाई उभी राहील तिला ते द्यावेत, माझ्या मरणाची वाट न पाहता, उद्याच.

५. माझ्या मातीला गुलाब नकोत. केरुबोने येऊ नये. आलीच तर बसायला द्यावे, मागच्या रांगेत. मावशी म्हणतात, "मेल्यावर तुला कुठं दिसणार आहे रे कोण आलं ते?" तरीही.

६. केरुबोला वस्तू काही नाही, एक काम. यंदाच्या गळतीचा हिशेब तीच करणार, आणि त्यात मी एक आहे. मी मेलो नाही, म्हातारा झालो नाही, आणि माझे लग्न झाले नाही हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नाही. केरुबो, मला टाळता आले असते अशांत धर.

खाली सही करणाऱ्या साक्षीदारांना यातून काही मिळत नाही, हे त्यांना सांगितले आहे.

सही: फेस्टस बरासा मकोखा

साक्षीदार: १. डॉर्कस अडोंगो, भिशी अध्यक्ष
२. मुरिगी, घरमालक

करागिता, नैवाशा
१७ मार्च २०१९