बिरेक

अहो,

काल डॉक्टर इटलीची ती गाडी घेऊन आपल्या दारात आले होते. चहा घेता घेता सहज काहीतरी बोलून गेले, आणि मी चार वर्षं जपून ठेवलेला राग कुठं ठेवावा तेच मला कळेना. तुम्ही जाऊन आठ महिने झाले. आता भांडायचं कुणाशी? आज रविवार, शाळेला सुट्टी. म्हणून लिहायला बसले.

ती गाडी पहिल्यांदा आपल्या अंगणात आली, तो दिवस आठवतो तुम्हांला? दुष्काळाचं साल होतं. कुपवाडात घराला लागून तुमचं गॅरेज नुकतं उभं राहिलं होतं. एका संस्थानिकांच्या गोठ्यात पडलेली गाडी मिरजेच्या डॉक्टरांनी विकत घेतली आणि बैलगाडीला बांधून ओढत आणली. मागच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली होती, खालचा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. मी म्हणाले, "हे भंगार दुरुस्तीला कशाला घेतलं?" तुम्ही गाडीच्या लांब नाकावरून हात फिरवत नुसते उभे राहिलात. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कधी बघितलं होतं का हो?

लढाईच्या काळात तुम्ही इटलीत पलटणीच्या गाड्या दुरुस्त करायचात. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं तुम्हांला घरात बसवून जेवू घातलं आणि कार्बोरेटर खोलायला शिकवलं. त्याचा एकच शब्द तुम्ही बरोबर आणला होता. पियानो. म्हणजे हळू, सावकाश. गॅरेजातल्या माणसांवर तुम्ही दिवसभर ओरडायचात, "पियानो रं, पियानो!" शेजारच्या काकूंना वर्षभर वाटत होतं, की पियानो नावाचा कुणी कामगारच आहे तुमच्याकडे!

गाडीवर मागं दोन इंग्रजी अक्षरं होती. डॉक्टरांनी अर्थ सांगितला होता. लांबच्या पल्ल्याची गाडी. देशामागून देश ओलांडायचे, पण आत बसलेल्याला शीण होता कामा नये, अशी बांधलेली. तुम्ही मला दाखवत होता, "हिचं इंजिन पुढं हाय आन् गियरबॉक्स पाक मागं, चाकांजवळ. वजन कसं सारखं वाटून दिलंय बघ. डोकं म्हणावं त्या लोकांचं!" मला काही कळलं नाही. पण तुमचा चेहरा बघून मी मान डोलावली.

तीन वर्षं लागली. बाहेरून एक स्क्रूसुद्धा मिळत नव्हता, सगळं इथंच घडवलंत. कुपवाडच्या लेथवर ब्रेकचे ड्रम कातून घेतले. कोल्हापूरच्या चांभाराकडून सीटा शिवून आणल्या. स्टिअरिंगचं लाकूड कुजलं होतं, तर मिरजेच्या तंबोऱ्याच्या कारागिराकडे गेलात. तो म्हणाला, "मिस्त्री, ह्याला तारा कुठं लावायच्या?" घरी येऊन किती हसला होता तुम्ही!

गाडीला रंग लागला, गर्द निळा. तुम्ही अंगणात पहिल्या गियरमध्ये एक फेरी मारलीत. सगळी गल्ली जमली होती. टाळ्या पडल्या. तुम्ही लाजलात.

आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी मेढ्याहून, माझ्या माहेरून तार आली. आई अत्यवस्थ. ताबडतोब या.

मी पदर खोचून धावतच गॅरेजात आले. एक ट्रक होता, त्याचं इंजिन खाली उतरवलेलं. आणि ती निळी गाडी, जायला तयार. मी म्हणाले, "आवं, चला की हिनंच. दुपारच्या आत पोचू."

तुम्ही फडक्यानं हात पुसत होता. माझ्याकडे न बघता म्हणालात, "आगं, गाडी आपली न्हवं."

"मग विचारून या डॉक्टरांना! मिरज काय लांब आहे?"

"ते गावाला गेल्यात."

"ते आल्यावर सांगू. माझी आई चालली हो!"

"इचारल्याबिगर न्हेता येत न्हाई." एवढंच बोललात आणि पिशवी भरायला घरात गेलात.

आपण एसटीनं निघालो. कऱ्हाडला एक गाडी चुकली. साताऱ्याला दोन तास बसलो. पावसाची झड होती. मेढ्यात उतरलो तेव्हा दिवस मावळला होता, आणि आईला नेऊनही झालं होतं. माझा भाऊ तानाजी दारातच उभा होता, ओल्या कपड्यांत. तो तुम्हांला म्हणाला, "दाजी, तुमच्या अंगणात लय भारी गाडी हाय म्हणं. आन् माझ्या भणीला यष्टीनं आणलं व्हय?"

तुम्ही खाली बघितलंत. का नाही बोललात हो?

त्या दिवसापासून तानाजीनं आपल्या घरची पायरी चढली नाही. तुम्ही गेलात तेव्हा आला, स्मशानात सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि तिथूनच परत गेला. मी त्याला अडवलं नाही. खरं सांगू? मला तो बरोबर वाटत होता. तुमचं तत्त्व मोठं आणि माझी आई लहान, असं मीही धरून बसले होते.

आईनंतर दोन महिन्यांनी गाडी डॉक्टरांच्या ताब्यात द्यायची होती. आदल्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. नवा शर्ट घातला होता. म्हणालात, "मास्तरीणबाई, बसतीस का? सांगलीच्या पुलापतुर एक चक्कर मारून येऊ." मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हणाले, "गाडी आपली नव्हं."

तुम्ही नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्यात. मग गेलात. गाडी सुरू झाल्याचा आवाज आलाच नाही.

आता डॉक्टर काल काय म्हणाले ते ऐका. त्यांना वाटत होतं, मला सगळं ठाऊक आहे.

"बाई, मिस्त्रींसारखा माणूस नाही. तुमची तार यायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले होते. म्हणाले, डाक्टर, गाडी दिसाय नवरीवानी हाय, पन गियरबॉक्सचं त्याल मागल्या बिरेकवर उतरतंय. तीन डाव शील बदललं, ऱ्हाईना. कुनाला सांगू नगा, कालच लोकांनी टाळ्या वाजवल्यात."

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही त्या दिवशी मिरजेतच होता?"

"होतो की. तुम्ही मेढ्याहून परत आलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी आले ते. लहान मुलासारखे रडले. म्हणाले, घाटात बिरेक लागला नसता तर मास्तरीणबी गेली असती. मी म्हटलं, अहो मग हे त्यांना सांगा. तर म्हणाले, तीन वर्सं हिच्यापायी घालवली, आन् आता कुठल्या तोंडानं सांगू की मला बिरेक जमंना?"

कळलं मला. उशिरा कळलं. चामड्याचं सील तेलात उकळून बसवलंत आणि नंतर ते जमलंही, असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी दोन महिने गाडीखाली झोपून होता तुम्ही. मी ताट वाढून ठेवत होते आणि बोलत नव्हते.

पण एवढंच सांगायचं होतं ना! "ब्रेक धड नाही," तीन शब्द. मी काय तुम्हांला हसले असते? माझ्या नवऱ्याला एक गोष्ट येत नाही म्हणून माझी मान खाली गेली असती? तुम्ही तत्त्वाचे म्हणून मिरवलात आणि माझ्या नजरेतून उतरलात. पण जमत नाही, हे कबूल केलं नाहीत. कसला हा अभिमान! आणि मी तरी कसली बायको? त्यानंतर तीन वर्षं एका घरात राहून एकदाही धरून बसवलं नाही, विचारलं नाही, की खरं काय ते सांगा.

डॉक्टर म्हणाले, बसा गाडीत. बसले. सत्तरीचा माणूस, पण झकास चालवतात. मिरजेच्या रस्त्याला एक म्हैस आडवी आली. त्यांनी पाय दाबला आणि गाडी सरळ, मऊपणे, जागच्या जागी उभी राहिली. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र तोंडाला पदर लावला.

पुढच्या रविवारी मी मेढ्याला जाणार आहे. तानाजीला समोर बसवून सगळं सांगणार. तो ऐकेल का, ठाऊक नाही. तोही पलटणीतलाच माणूस, डोकं तापट. म्हणेल, मेल्यावर काय उपयोग? म्हणू दे. तुम्ही त्या दिवशी मला वाचवलंत, हे सांगेन. तुम्ही खोटं बोललात, हेही सांगेन. एक सांगून दुसरं लपवणार नाही, कारण दोन्ही करणारा माणूस एकच होता आणि तो माझा होता. आणि हे सांगताना माझ्या आवाजात राग येऊ देणार नाही, एवढा शब्द देते.

तुमची,
सुमन