मास्तरचा पाय

रविवार, ३ मार्च
आज मास्तरची पाळी. दर रविवारी सकाळी दहाला वकीलबाईकडे जमायचं, एकाने आपली आवडती रेकॉर्ड आणायची, दोन्ही बाजू संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही आणि मग प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं. कॉलेज सुटून चाळीस वर्षं झाली तरी नियम तोच! बाकीचे पांगले, आम्ही तिघं चिकटून आहोत. मास्तर पोहायला शिकवतो, वकीलबाई अजून कोर्टात भांडते, मी चष्मे विकते.

त्याने कुठलीशी ट्रम्पेटची रेकॉर्ड आणली होती. मला काय ऐकू आलं? घरघर! हल्ली नवीन काहीही लावलं की घरघरच. पण माझी युक्ती पक्की आहे — नजर मास्तरच्या उजव्या पायावर. पाय हलला की मान डोलवायची, थांबला की थांबायचं. शेवटचं वाक्य कव्हरवरून आधीच जुळवून ठेवते. वकीलबाई म्हणाली, "काय कान आहे गं तुझा!" लाजून अर्धी झाले.

मंगळवार, ५ मार्च
दुकानात एक मुलगी चष्मा नको म्हणून अडून बसली. "अगं, त्यात कसली लाज?" म्हणत तिला चांगलं दहा मिनिटं सुनावलं. आणि लेकीने आणलेलं कानाचं यंत्र? डबीत! ढोंगी आहे मी, दुसरं काय.

पण दोघांना कळलं तर कीव करतील. रेकॉर्डी बंद आणि पत्ते सुरू! रविवार गेला तर माझ्याकडे उरलं काय — काचा?

रविवार, १० मार्च
माझी पाळी! कॉलेजात झिजेपर्यंत ऐकलेली ती व्हायोलिनची रेकॉर्ड नेली. आणि सगळं ऐकू आलं! सगळं! कानाने की आठवणीने, देव जाणे. दुसऱ्या बाजूवर सुई उडी मारते, तीसुद्धा! मास्तरच्या पायाकडे बघायचं विसरलेच. वकीलबाईने डोळे पुसले. येताना रस्ताभर गुणगुणत आले. लोक बघत होते. बघू देत!

बुधवार, १३ मार्च
अजून गुणगुणतेय.

रविवार, १७ मार्च
घात झाला. वकीलबाई रेकॉर्ड लावून खुर्चीत बसली. मास्तरचा पाय हलल्यासारखा वाटला, मी मान डोलवली. पाय जोरात हलायला लागला. मला काय चेव आला कोण जाणे — नियम मोडून "वा!" म्हणाले. मास्तर म्हणाला, "क्या बात है!"

वकीलबाई आमच्याकडे बघतच राहिली. "अरे, आवाजाचं बटण बंद आहे! वाजतंय कुठे?" मग पोट धरून हसायला लागली. तिला वाटलं, आम्ही ठरवून तिची फिरकी घेतली. मीही हसले. मास्तर मात्र हसला नाही. नुसता माझ्याकडे बघत होता.

म्हणजे त्याला कळलंय. मला सांभाळून घ्यायला बोलला तो. इतक्या जुन्या मित्राने माझी कीव करावी? नको. पुढच्या रविवारपासून जायचंच नाही.

रविवार, २४ मार्च
नाही गेले. "दुकानात माल यायचाय" असं कळवलं. रविवारी कसला माल! दिवसभर काचा पुसत बसले. रडूही आलं थोडं.

सोमवार, २५ मार्च
मास्तर दुकानात आला. दार लावून घेतलं आणि केवढ्यांदा ओरडला — "काल का नाही आलीस? माझी किती पंचाईत झाली! दोन वर्षं झाली, दोन्ही कान गेलेत माझे. तुझी मान बघून पाय हलवतो मी!"