दोन कार्डं आणि माझी चार वर्षं

बा, मी तुझी थोरली लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तू असतास तरी हा कागद मी तुझ्या हातात दिला नसता, पण लिहायला मला तूच लावलंस, म्हणून तुलाच सांगते. सध्या मी गारखेड्यात लेकाकडं तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलेय. लिफ्ट नाही. डाव्या खुब्याचा सांधा पार झिजलाय, पाय टेकला की कळ थेट डोक्यात जाते. दिवाळीच्या आधी जी वर चढले ती चढलेच. तेव्हापासून गॅलरी हेच माझं रान. भाजीवालीनं हाळी दिली की दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते, ती मेथीची जुडी ठेवते, मी वर ओढते, आणि तेवढ्यात तिच्या सुनेच्या चार तक्रारीही वर ओढून घेते. हाल आहेत असं समजू नकोस. चहा हातात मिळतो, नात पाय चेपता चेपता मोबाइलवर लोकांची लग्नं दाखवते, आम्ही दोघी नवऱ्यांना नावं ठेवून हसतो. पण वर्षातले आठ महिने मेंढरांमागं चालणाऱ्याची मी पोरगी. रोज नवा तळ, रोज नवी चूल. मला एकाच खिडकीतून एकच लिंबाचं झाड किती दिवस बघवेल, तूच सांग.

ऑपरेशन केलं की चालता येईल, असं डॉक्टर म्हणाला. झिजलेला सांधा काढून नवा बसवायचा. तुझ्या वेळी दवाखाना म्हणजे हळद आणि डागणी, पण आता सरकार दवाखान्याचा भार उचलतं, त्याचं कार्ड असतं. तेही एक नाही, दोन. एक आपल्या राज्याचं, एक दिल्लीचं. आणि ह्या दोन कार्डांवरून आपल्या घरात दर रविवारी जी जुंपते, ती ऐकायला तू पाहिजे होतास. एका बाजूला माझा लेक, शेंद्र्याला कंपनीत जातो, उरलेल्या वेळात शेत बघतो. दुसऱ्या बाजूला जावई, चिकलठाण्याच्या कारखान्यात आहे, लेकीला घेऊन चहाला येतो आणि चहा निवेपर्यंत भांडतो.

लेक म्हणतो, "दाजी, दिल्लीला काय ठावं गारखेड्यात कुणाचा खुबा गेला? राज्याचं आपलं बरं. रेशन कार्ड दाखवा, झालं. वय इचारत नाय, काय नाय."

"झालं काय, पाव्हणं? मामी अजून पलंगावरच हायेत ना? तुमच्या राज्याच्या यादीत दुखणं हाय, तर हितला दवाखाना नाय. सरकारी दवाखाना हाय, तर नंबर नाय. दिल्लीचं कार्ड असलं की उद्या नागपूरला जा, हैदराबादला जा, कुणी नाय म्हणायचं नाय."

"माय जिना उतरंना, अन् तुम्ही तिला हैदराबादला न्या!"

मला एवढं हसू आलं, चहा साडीवर सांडला. पण दोघांचंही खरं आहे रे बा. जालना रोडला दवाखाना आहे, तिथं हे ऑपरेशन करतात, पण राज्याच्या कार्डावर हे काम सरकारी दवाखान्यातच करायचं असा नियम निघाला. तिथं नाव लावलं, तर पुढच्या वर्षी या म्हणाले. दिल्लीच्या कार्डावर जालना रोडवाला घ्यायला तयार आहे. गरीब का श्रीमंत तेही विचारत नाही. फक्त सत्तर पूर्ण पाहिजेत. आणि माझी सत्तर होऊन दोन वर्षं झाली, पण कागदावर मी अडुसष्टचीच आहे. कार्डाच्या खिडकीतला पोरगा लेकाला म्हणाला, "आजींना म्हणावं, दोनच वर्षं थांबा." डॉक्टर म्हणाला, दोन वर्षांनी उठून बसता येणार नाही. एकाची योजना जवळची पण दार बंद, दुसऱ्याचं दार उघडं पण उंबरा माझ्या वयापेक्षा उंच. मी दोन्हीच्या मधे.

आपल्या कळपाची मला लई आठवण येते अशा वेळी. चार घरांची मेंढरं एकत्र चालायची, प्रत्येकाची कानाची खूण वेगळी. एखादी लंगडायला लागली की बाकीचे कान बघत बसायचे, कुणाची, माझी का तुझी, कुणी बघायचं हिच्याकडं. तू आधी तिला खांद्यावर घ्यायचास. मुक्कामाला पोचल्यावर कान बघायचास. मी हे दोघांना सांगितलं. जावई म्हणाला, "मामी, ते मेंढरापुरतं ठीक हाय." लेकानं "खरं हाय" म्हणलं. पण पुढच्या रविवारी परत तेच.

आता वयाची गंमत ऐक. तुझ्या धाकट्याला दिल्लीचं कार्ड मिळालं! माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, मी त्याला कडेवर घेऊन मेंढरं वळायचे, आणि कागदावर तो माझा थोरला भाऊ. त्याचा फोन आला, "अक्का, मी म्हातारा झालो, तू अजून जवानच. राखी बांधायला आलीस की आता तूच माझ्या पाया पड." इतकी वर्षं ह्या चार वर्षांचं मला कौतुकच होतं. भजनात बायका वय सांगायला लागल्या की मी आधार कार्ड काढून दाखवायचे. त्या जळायच्या. आता तेच कार्ड मला जिना उतरू देईना.

मग लेकानं आणि जावयानं पहिल्यांदा एक होऊन काम केलं. गावच्या शाळेतून जुन्या रजिस्टरची नक्कल काढून आणली. एकाच दिवशी, एकाच शाईनं, वर धाकट्याचं नाव, वय आठ. खाली माझं, वय सहा. धाकट्याचे नोकरीचे कागद पक्के आहेत, तो त्याच वयावर निवृत्त झाला. वकील म्हणाला, हा पुरावा चांगला आहे, बाईंनी प्रतिज्ञापत्र करून द्यावं की त्या थोरल्या आहेत आणि शाळेत वय चुकीचं लागलं. म्हणजे खाली उतरणं आलं. मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, साडीनं बांधलं, लेकानं वरून धरलं, जावयानं खालून. दुसऱ्या मजल्यावर दोघांना दम लागला. खुर्ची ठेवली, आणि तिथंच परत सुरू.

"हे बघा पाव्हणं, तुमच्या राज्याचं नीट असतं तर आज मामीला असं खाली कशाला न्यावं लागलं असतं?"

"अन् तुमच्या दिल्लीनं वय इचारलं नसतं, तर तिच्या दारात वय घेऊन कशाला जावं लागलं असतं?"

"आरं," मी म्हणलं, "दोघांपैकी कुणीबी जिंका, पण आधी मला उचला. भांडत भांडत चला." समोरच्या दारातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती खो खो हसली. आणि बा, किती महिन्यांनी माझ्या तोंडाला खालची हवा लागली. धूळ, रिक्षाचा धूर, भज्याचा वास. मी डोळे मिटून घेतले. मेल्यांनो, जरा सावकाश न्या, असं मनात म्हणलं.

वकिलानं कागद वाचून दाखवला. "माझे वडील अशिक्षित असल्याने त्यांनी शाळेत माझे वय चुकीचे सांगितले." वाचून झाल्यावर म्हणाला, "आजी, बरोबर ना?" सगळे माझ्याकडं बघायला लागले.

बा, बरोबर नव्हतं. तुला आठवत असेल का, मला रोज आठवतं. मेंढरं पावसाळ्याला गावाजवळ आली होती. धाकट्याचं नाव घालायला तू निघालास आणि मी मागं लागले. मास्तर पत्र्याच्या खुर्चीत बसले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढी मोठी पोरगी पहिलीत कशी बसवू? किती वर्षांची?" तू पागोटं काढून हातात घेतलंस आणि मनातल्या मनात मोजायला लागलास. आपली पांढरी घोडी मेली त्या उन्हाळ्यात ही झाली, मग तो दुष्काळ, मग धाकटा. तू खरंच मोजत होतास. दहाच येणार होते. तू दहा म्हणाला असतास, कारण तुला दुसरं काही सांगता यायचंच नाही. म्हणून तू तोंड उघडायच्या आत मी म्हणलं, "सहा." मास्तरांनी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलंस. पागोटं परत डोक्यावर ठेवलंस. आणि मग नुसती मान हलवलीस.

परत येताना वाटेत तू एकदाच बोललास, "खोटं बोलून गेलीस शाळंत. आता शीक तरी खरं." मारलं नाहीस. दोन पावसाळे शिकले, पुढं लग्न झालं. घरात मात्र सगळे म्हणत आले की आजोबांनी वय चुकवलं, अडाणी होते, मोजता येत नव्हतं. मी कधी कुणाला अडवलं नाही. तुला मेंढरं नुसत्या नजरेनं मोजता यायची, तीनशेच्या तीनशे, हेही सांगितलं नाही.

तर वकील विचारत होता, बरोबर ना. मी खरं सांगितलं असतं तर त्यानं कागद परत लिहिला असता, दहा वर्षांची पोरगी खोटं बोलली असं लिहायचं का, हे विचारायला अजून कुठं गेला असता, आणि मला खुर्चीत बांधून परत वर नेलं असतं, परत खाली आणलं असतं. लेकाच्या मानेवरून घाम वाहत होता. मी म्हणलं, "व्हय. बरोबर हाय."

कागद गेलाय. उत्तर अजून नाही. मी परत वर आहे, लिंबाच्या झाडासमोर. रविवारी जावई येईल, दोघं भांडतील. नात म्हणते, आजी, कार्ड आलं की पहिलं कुठं जायचं? मी म्हणलं, भाजीवालीच्या सुनेला बघायला.

हा कागद मी शाळेच्या नकलेत घडी घालून ठेवणार आहे. कुणी विचारलं तर सांगेन, औषधांची यादी आहे. पण एक गोष्ट राहिली. सही करायची वेळ आली तेव्हा वकिलाच्या माणसानं शाईची डबी पुढं केली होती, म्हातारी अंगठाच लावणार असं धरून. मी डबी सरकवली, पेन मागितलं आणि पूर्ण नाव लिहिलं, मधे तुझंही, काना मात्रा न चुकवता. तो म्हणाला, "आजी, अक्षर फार सुंदर आहे तुमचं." वर तुझ्यावर खोटं घातलेलं होतं, त्याच्याच खाली ते अक्षर होतं. आणि बा, तरी मला आनंद झाला. तोंड भरून हसले मी.