हेडमास्तरच्या मागावर

१ सप्टेंबर
शिकारीच्या मोसमाच्या पहिल्याच दिवशी पचका. पहाटे टेकडीवर पोचले, वारा तोंडावर, सगळं मनासारखं. हेडमास्तर सेजच्या झुडपांत बसलेला, नुसती शिंगं वर. एवढी रुंद शिंगं अख्ख्या वायोमिंगमध्ये दुसऱ्या हरणाला नसतील. पोटावर सरकत सरकत बाणाच्या टप्प्यात येणार, तेवढ्यात वारा फिरला आणि माझा वास त्याला लागला! तो उठला. वर्गात उशिरा आलेल्या पोरीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि टणाटण उड्या मारत पलीकडे गेला. चौथं वर्ष आहे हे. नाव उगाच नाही ठेवलं त्याचं.

२ सप्टेंबर
खांदा ठणकतोय. ऑक्टोबरात ऑपरेशन, आणि डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलंय — "त्यानंतर धनुष्य विसरायचं." रुलन म्हणतो, बंदूक घे. नवरा आहे म्हणून ऐकून घेतलं. बंदुकीने काय, या डोंगरावरून त्या डोंगरावरचं कुणीही मारेल. मला तो धनुष्यानेच हवाय. म्हणजे याच महिन्यात. नंतर नाहीच.

७ सप्टेंबर
लिहायचीसुद्धा लाज वाटते. शेवटच्या टप्प्यात आवाज नको म्हणून बूट काढून ठेवले, नेहमीसारखे, आणि मोज्यांवर गेले. हेडमास्तर अर्थात आधीच पसार. परत आले तर बूट सापडेनात! सगळी झुडपं सारखी. दुपारपर्यंत शोधले, मग मोज्यांवरच गाडीपर्यंत. रात्री रुलन चिमट्याने तळपायातले निवडुंगाचे काटे काढत होता आणि हसत होता. "तुला स्वतःचे बूट सापडत नाहीत, व्हर्ला. ते तर पळतही नाहीत."



१२ सप्टेंबर
रुलनने चर्चमध्ये त्याच्या भावाला, लावारला सांगितलं! चार वर्षं मी कुणाला जागेचा पत्ता लागू दिला नाही, आणि हा! "मी फक्त ओढ्याचं नाव घेतलं," म्हणतो. मग राहिलं काय?

आज लावार तिथे हजर. "मदतीला आलोय." माझ्या शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. कट, कट, कट. गप्प बस म्हटलं तर म्हणतो, "अगं, हरणांना सवय असते."

१३ सप्टेंबर
लावार पुन्हा आला. आज कुत्रा घेऊन.

१४ सप्टेंबर
लावारला नको नको ते बोलले. गेला एकदाचा. रविवारी त्याच्या बायकोला तोंड दाखवायचंय, ते बघू.

२१ सप्टेंबर
आठवडाभर शाळेची बस चालवतेय, डोंगर नाही. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातले फोटो आज बघितले. हेडमास्तर भर दुपारी पाणवठ्यावर! एकटाच. पाणी पितो, उभा राहतो, पुन्हा पितो. मी पोरांची भांडणं सोडवत असताना साहेब निवांत. माझी चेष्टा चाललीय, दुसरं काही नाही. मेला निर्लज्ज.

पण आता जागा कळली. शनिवारी बघतेच.

२६ सप्टेंबर
पळाला नाही.

वारा माझ्या पाठीवरून सरळ त्याच्याकडे जात होता, तरी नाही. झुडपातून बाहेर आले, उभी राहिले, चालत दहा पावलांवर गेले. बरगड्या दिसत होत्या. कान लोंबलेले, तोंडातून लाळ गळत होती. कळपांत पसरलाय तो रोग, मेंदू पोखरणारा. सारखं पाणी पीत होता ते त्यामुळेच. यातून कुणी वाचत नाही. माझ्याकडे बघत होता, पण मी कोण ते त्याला कळत नव्हतं.

"पळ ना रे," म्हणाले. मोठ्याने म्हणाले. हातसुद्धा हलवले.

मग बाण सोडला. खूप रडले. वनखात्याचा माणूस येऊन तपासणीला डोकं घेऊन गेला. "शिंगं नंतर परत मिळतील, बाई," म्हणाला. नकोत म्हणून सांगितलं.