कपाटात राहिलेलं स्क्रिप्ट

सोमवार, ५ फेब्रुवारी

खोटं स्क्रिप्ट कपाटातच आहे!

म्हणजे खरं गेलं. सेन्सॉरकडे. माझ्याच हातानं.

तीनदा पाहिलं. पहिलंच पान — धाकट्या भावाचं लग्न, नवरीकडची माणसं, मिठाईवरून भांडण. हे जायला हवं होतं. गेलं ते आमचं. मुलगा तुरुंगात, आई दर आठवड्याला फाटकाशी. त्यात अधिकारी आहे, मार आहे, सगळं आहे. आणि वर ठळक अक्षरात लेखक-दिग्दर्शक म्हणून हाझिमचं नाव.

कैरोत कोण नाही करत हे? एक स्क्रिप्ट दाखवायचं, एक करायचं. पाच सिनेमे असेच काढले मी. दोन्हीला एकच कव्हर, एकच नाव, म्हणजे शूटिंगच्या परवान्यात घोळ नको. मोठी शहाणी! कानाला फोन लावून पाकीट भरत होते. अक्कल कुठे गेली होती, सौसन?

 कुणाला सांगू?

मंगळवार, ६ फेब्रुवारी

इनासला फोन केला. ती सेन्सॉरच्याच कचेरीत टायपिस्ट आहे. सहज विचारल्यासारखं विचारलं, आमचं कुणाकडे वाचायला दिलंय गं?

"वहीदसाहेबांकडे. का, नशीब फुटलं ना तुझं?" आणि हसली. हसायला काय जातंय!

वहीद. दात घासतानाचा सीन कापणारा माणूस. म्हणे नळ चालू दिसतोय, पाणी वाया जातंय, लोकांपुढे वाईट उदाहरण. तो आमचं स्क्रिप्ट वाचतोय. आत्ता, हे लिहितेय तेव्हा वाचत असेल.

दुपारी जेवण गेलं नाही. बस्बूसाचा, रव्याच्या गोड वडीचा, एक तुकडा तेवढा खाल्ला.

बुधवार, ७ फेब्रुवारी

अम्म फुआदना, आमच्या ऑफिसातल्या काकांना, सांगून टाकलं. वीस वर्षं माझ्या ऑफिसात चहा करतात, पाकिटं पोचवतात. माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हत्या त्या गोष्टी त्यांना ठाऊक आहेत.

"मादाम, यात काय एवढं? मी जातो, सांगतो एक पान राहिलंय, बदलून द्या. म्हातारा बघून कोण संशय घेतोय!"

गेले. दीड तासानं आले ते तोंड पाडूनच. वहीद स्वतः बाहेर आला म्हणे, चष्म्यावरून बघत बोलला — "मादामना सांगा, पानं सगळी आहेत. मी मोजलीत."

संपलं! त्याला कळलंय.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. कुणी उतरलं नाही. मी अर्धा तास दारामागे उभी.

शनिवार, १० फेब्रुवारी

हाझिमला सांगितलं. सांगावंच लागलं. मागे एकदा आठ महिने आत राहून आलेला पोरगा, पाहुण्यांच्या खोलीत बसून मला म्हणतो, "सांग सौसन, घाबरू नको, कुणी गेलं का?" मी सांगितलं.  तो हसला.

"छान! एवढे दिवस ओरडत होतो, माझं स्क्रिप्ट कुणीतरी नीट वाचा."

"मस्करी करतोस? इस्कंदरियाला जा मामाकडे. आजच."

"जाऊन काय करू? पळाला म्हणजे चोर, असंच म्हणतील ना."

मग उठून विचारलं, तुझ्याकडे वस्तरा आहे का. दाढी करून आला. म्हणे आत नेलं तर फोटो तरी माणसासारखा येऊ दे. मी त्याच्यावर ओरडले, नको नको ते बोलले, आणि रडले. त्याच्या आईला शब्द दिलाय मी. मागच्या वेळी तिनं माझे दोन्ही हात धरले होते. हा परत आत गेला तर ती जगणार नाही, आणि तो पाठवला मी. पाकीट मी भरलं.

सोमवार, १२ फेब्रुवारी

मादाम बदीआंचा फोन. सिनेमात आईचं काम त्या करणार आहेत. त्यांना सगळं सांगितलं; म्हटलं, अजून वेळ आहे, नाही म्हणा.

"बाई गं, सत्त्याहत्तर वर्षांची आहे मी. मला नेणार? दोन जिने उचलून न्यावं लागेल! माझ्या गुडघ्याचं औषध तेवढं बरोबर घ्या म्हणावं."

 

बुधवार, १४ फेब्रुवारी

वहीदनं बोलावलं. उद्या अकराला. स्वतः या, एकट्या या.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

घराची किल्ली अम्म फुआदकडे देऊन गेले. परत येईन असं वाटत नव्हतं.

वहीद वाटला होता त्यापेक्षा लहानखोर निघाला. कॉलर विरलेली. बसा म्हणाला नाही. पाकीट पुढे सरकवलं. "घरी जाऊन उघडा. इथे नको." मी तोंडातल्या तोंडात उस्ताझ, शुक्रन, असं काहीतरी आभाराचं बोलले. तो खिडकीकडे बघत होता.

टॅक्सीत पाकीट मांडीवर. उघडायची हिंमत नाही. ऑफिसात अम्म फुआदनी उघडलं.

मंजूर. पानोपान शिक्का! सोबत त्याचा शेरा — "आईच्या मुलावरील प्रेमाची साधी कौटुंबिक कथा. आक्षेपार्ह काही नाही."

अम्म फुआद नाचायचेच बाकी होते. मी शेरा पुन्हा वाचला. का? वाचलं नाही असं नाही, पानं मोजलीत त्यानं! मग का? शूटिंग सुरू झालं की सगळ्यांना एकदम धरायचा बेत असेल. हाझिम म्हणतो असेलही. सापळा नाही तर काय आहे हे?

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

पान बावन्न. आई तुरुंगाच्या फाटकाशी मुलुखियाचा, म्हणजे मांस घातलेल्या पालेभाजीच्या रश्शाचा, डबा घेऊन उभी राहते, तो सीन. समासात पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात —

"रस्सा आत घेत नाहीत. डबाही नाही. मांस कोरडं, हाडं काढून, पारदर्शक पिशवीत न्यावं. दोन वर्षं मी माझ्या मुलीला असंच नेतो."

हाझिमला सीन बदलायला लावला. कुणी सांगितलं ते नाही सांगितलं.

मग खोडरबर घेऊन बसले. शिक्क्याचं स्क्रिप्ट सेटवर कुणीही तपासायला मागतं, आणि वहीदसाहेबांचं अक्षर त्यांच्या कचेरीत सगळे ओळखतात. तीनदा खोडलं. उजेडात धरलं की अजून दिसतंय.