न मोजलेलं दूध

आई, दुधाबद्दल सांगायचं होतं, म्हणून तुलाच लिहिते आहे. मी इथे नेदरलँड्समध्ये एका प्रयोगशाळेत काम करते. सोव्हिएत काळात कझाकस्तानच्या माळरानावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या. तिथली माती, गवत, दूध आणून त्यात अजून किती किरणोत्सर्ग उरलाय, ते आम्ही मोजतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढी शिकलीस आणि शेवटी दूधच तपासतेस.

तुझं सरकारी दूध केंद्र मला अजून दिसतं. पत्र्याचा बूथ, ओल्या बाटल्या, तुझा हिरवा स्वेटर. कुणी बाटली परत आणून "नासलंय" म्हणालं की तू वाद घालत नसायचीस. बूच काढायचं, वास घ्यायचा, कपात ओतून त्याच्यासमोर एक घोट प्यायचा. चांगलं असलं तर "न्या" एवढंच. नासलेलं असलं तर तोंड वाकडं करून दुसरी बाटली. माझ्या वर्गातल्या मुली रांगेत असायच्या, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा विचारलं, "सगळ्यांसमोर कशाला पितेस गं?" तू बाटल्या लावता लावता म्हणालीस, "मग त्यांनी पिऊन बघायचं का?" आणि मला घरी पिटाळलंस.

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. त्या माळरानावरच्या एका म्हातारीच्या स्वयंपाकघरात मी बसले आहे. तिच्या गाईचं दूध आम्ही गेल्या वर्षी नेलं होतं, त्याचा निकाल सांगते आहे: पिण्याजोगं आहे. दुभाषी मुलगी तिला समजावते. म्हातारी ऐकून घेते, उठते, आज सकाळच्या दुधाचं वाडगं माझ्यापुढे ठेवते आणि काहीतरी बोलते. "ती म्हणते, मग प्या," दुभाषी सांगते. तिथलं काही खायचं-प्यायचं नाही, हा आमचा नियम. शिवाय माझा आकडा गेल्या वर्षीच्या दुधाचा. यंदा गाय कुठे चरली, कुणाला ठाऊक. हे तिला सांगायला हवं होतं. मी वाडगं उचललं आणि प्यायले. धैर्य वगैरे काही नाही, हात आपोआप गेला. म्हातारीनं मान डोलावली आणि तेच वाडगं पुन्हा भरून दाराशी उभ्या असलेल्या नातीला दिलं. तिनं ते एका दमात संपवलं. मला काहीच वाटलं नाही, आई. मी त्याच दुधाची एक बाटली नमुना म्हणून भरून घेतली, लेबल लावलं.

परत आल्यावर ती बाटली मोजणीच्या रांगेत लागली. तोवर मी जेवत होते, सायकलनं इथल्या आमच्या झूटरमेर गावच्या स्टेशनवर जात होते, लेकीला शाळेतून आणत होते. तू गेलीस तेव्हाही अशीच होते. तेराव्याला किती पोळ्या लागतील, ते काकूला विचारत होते.

परवा आकडा आला. दूध चांगलं होतं. दुभाषी मुलीला कळवलं, आणि आता हायसं वाटेल म्हणून थोडा वेळ खुर्चीत बसून राहिले. वाटलं नाही, मग उठले.

संध्याकाळी लेकीनं ग्लास पुढे केला. सुपरमार्केटमधलं साधं दूध. मी खोका उघडला, वास घेतला, एक घोट प्यायले, मग तिला ओतलं. "ममा, व्हाय डू यू ऑलवेज डू दॅट?" तिनं विचारलं. माळरानावरून आल्यापासून मी रोज हे करते. आम्ही जे शोधतो त्याला वास नसतो, चव नसते. घोटभर पिऊन काही कळत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. "सवय आहे," मी म्हणाले.

कुणाची सवय, ते सांगितलं नाही. तुझं नाव घ्यायचं आणि तरीही काही वाटलं नाही तर, याची भीती वाटली.