एका नातेवाइकाचा पास

लोधिवली,
सोमवार, ३ मे २०२१

प्रिय कपिलदादा,
जय भीम.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते : सगळे जिवंत आहेत. आईची टेस्ट निगेटिव्ह आली, माझीही. तुमच्याकडे सुरभीवहिनी कशी आहे? बाळाचं नाव सानवी ठेवलंत हे स्वप्नीलने सांगितलं. नाव मला फार आवडलं.

फोन का केला नाही, असं म्हणशील. तू घर सोडून गेलास त्या दिवशी बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, की तुला फोन करायचा नाही आणि तुझा आला तर घ्यायचा नाही. पत्राबद्दल ते काही बोलले नव्हते. मी तीन दिवस विचार केला, आणि मला वाटतं पत्र चालतं. स्वप्नील रोज सकाळी भाजीचा टेंपो घेऊन तुमच्या नेरळला येतोच, त्याच्या हाती देते आहे.

तर बाबांना कोरोना झाला आहे. गेल्या गुरुवारी ऑक्सिजन शहाऐंशीवर आला, म्हणून कर्जतला नेलं. तिथे एका मंगल कार्यालयात कोविड हॉस्पिटल उघडलंय. पाट्या तशाच ठेवल्या आहेत. पुरुषांचा वॉर्ड ‘वरपक्ष’ लिहिलेल्या हॉलमध्ये आणि बायकांचा ‘वधूपक्षा’त. बाबा खिडकीकडून चौथ्या बेडवर आहेत. हे मला फक्त सांगण्यावरून माहीत आहे, कारण आत कुणालाही सोडत नाहीत. कुणालाही!

दादा, मी रोज स्कूटर घेऊन जाते आणि गेटवर उभी राहते. माझ्यापासून बाबांपर्यंत फार तर साठ पावलं असतील. गेटवर सखामामा म्हणून वॉचमन आहेत. मी म्हटलं, “मामा, दोनच मिनिटं. दारातनं बघते नि येते.”

“ताई, कालच्याला एक पुढारी आलावता. त्यालाबी दोनच मिनिटं पायजे होती. गेला परत.”

“मी कशाला हात नाही लावणार.”

“तुमी नाय लावणार गं, पण तो रोग लावतो ना!”

मग मला हसूही आलं आणि रडूही. नियम बरोबर आहे हे मला कळतं. पण नियम बरोबर असला की त्याचा राग काढायलाही जागा राहत नाही, हे जास्त वाईट.

डबा आत जातो, परत येत नाही. म्हणून आई प्लास्टिकच्या डब्यात भाकरी आणि सुकट देते, वर नाव चिकटवते. चार वाजता सिस्टर व्हिडिओ कॉल लावतात, दोन मिनिटांचा. त्यात मला बाबांचं अर्धं कपाळ आणि पंखा दिसतो. आई मोबाइलला म्हणते, “अवो, जेवलात का?” आणि तेवढ्यात कॉल संपतो.

बाबा तुझ्याबद्दल काही बोलले का, असं तू विचारशील. त्यांच्या तोंडावर मास्क आहे. बोललं की दम लागतो.

तू यायची घाई करू नकोस. येऊन करणार काय? गेटवरच उभा राहशील. मी आहे ना उभी.

तुझी,
स्नेहल


लोधिवली,
शुक्रवार, ७ मे

प्रिय दादा,
जय भीम.

आधी बातमी! बाबांचा ऑक्सिजन दहा लिटरवरून दोनवर आला!! आज कॉलमध्ये अख्खे बाबा दिसले, उशीला टेकून बसलेले. दाढी पांढरीशुभ्र वाढली आहे. आई म्हणाली, “कुणाचा म्हातारा दाखवताय?” आणि बाबा मास्कच्या आत हसले. गाल हलले म्हणून कळलं. फोन ठेवल्यावर आईने आणि मी अंगणात अक्षरशः फुगडी घातली. समोरची चिंधीकाकू दारात येऊन बघत राहिली.

आणि दुसरी बातमी. ज्यांची तब्येत सुधारते आहे अशा पेशंटला या रविवारपासून एक नातेवाईक भेटू शकतो. आठवड्यातून एकदा, किट घालून, दहा मिनिटं. एका पेशंटला एकच पास. आमचा रविवारी अकराचा नंबर लागलाय. सखामामांनी मला पन्नास पावलांवरून ओरडून सांगितलं, “ओ ताई, वरपक्षाकडनं बोलावणं आलंय!” रांगेतले सगळे हसले. मी घरी येऊन पिवळा ड्रेस धुऊन इस्त्री केला. नंतर लक्षात आलं, वरून पांढरं किट घालायचंय, ड्रेस दिसणारच नाही.

तुझी चिठ्ठी स्वप्नीलने दिली. दुकानाच्या पावतीमागे दोन ओळी : “मला आत सोडतील का? फॉर्मात कोणाचं नाव आहे?”

तू मोबाइल दुरुस्त करणारा माणूस, बरोबर तिथेच स्क्रू लावलास.

पास फॉर्मात नाव असलेल्यालाच मिळतो. फॉर्म मी भरला होता, त्या गुरुवारी, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून. बाबांना ढकलखुर्चीवर बसवून आत नेत होते आणि मी लिहीत होते. पेशंटचं नाव : पांडू रामा ओव्हाळ. वय : त्रेसष्ट. व्यवसाय : निवृत्त, केमिकल कंपनी, मोहोपाडा. त्याखाली होतं, अपत्ये.

दादा, तुला माहीत आहे मी वाचायला कशी शिकले. दम्यामुळे मला दोन वर्षं शाळेत घातलं नव्हतं. गावातले सगळे लोक बाबांकडून अर्ज लिहून न्यायला यायचे, आणि बाबा मला शेजारी बसवून त्याच कागदांवर अक्षरं गिरवायला लावायचे. माझा अ अननसाचा नव्हता, अर्जदाराचा होता. रिकामी जागा सोडायची नाही, खाडाखोड करायची नाही, खोटं लिहायचं नाही. फॉर्म म्हणजे सरकारसमोर उभं राहून बोलणं, असं ते म्हणायचे.

कंपनीतली परमनंट नोकरी सोडून तू दुकान टाकायला निघालास तेव्हा तेच बाबा ओट्यावर उभे राहून म्हणाले होते, “आजपासून मला एकच अपत्य.” तू ऐकलंस. मीही ऐकलं.

मी फॉर्मात लिहिलं : एक.

मला वाटलं, बाबांच्या फॉर्मात बाबांचंच म्हणणं लिहायला हवं. खरंच तेव्हा तसं वाटलं. निदान मला तसं आठवतं.

त्यामुळे पास माझ्या नावाने आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस. काय निरोप द्यायचा तो लिही, मी शब्दन् शब्द सांगेन.

स्नेहल


लोधिवली,
शनिवार, ८ मे, संध्याकाळ

दादा,

स्वप्नील तासाभरात चौकाहून खास तुझ्याकडे निघतोय, त्याआधी हे लिहून व्हायला हवं. घाईत लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

सकाळी तो टेंपो घेऊन परत आला तेव्हा मी विचारलं, “दादाने काय निरोप दिला?” तो म्हणाला, “काय नाय गं. पत्र वाचलं, शटर अर्धं खाली घेतलं नि पायरीवर बसला. मी म्हटलं, काय झालं रं? तर बोलला, बरोबरच लिवलंय तिनं. बाबांनी तसंच सांगितलेलं.”

तू चिडला असतास तर मी गप्प राहिले असते. तू ‘बरोबर’ म्हणालास, ते मला सहन झालं नाही. कारण ते बरोबर नाही आणि मला एक तारखेपासून माहीत आहे.

एक तारखेला, शनिवारी दुपारी, भाग्यश्री सिस्टरचा मला फोन आला होता. म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी. त्या म्हणाल्या, “अहो, तुमचे वडील माझ्याशी भांडतायत. पायाशी लावलेला केसपेपर मागून घेऊन वाचला त्यांनी. म्हणतात, अपत्ये एक ही नोंद चुकीची आहे, दोन करा. मी म्हटलं, काका, आधी मास्क लावा. तर मास्क बाजूला करून म्हणतात, खोट्या नोंदीवर मी उपचार घेणार नाही.”

मी म्हटलं, “दुरुस्ती करून देते.” आणि केली नाही.

सिस्टरनी परत सोमवारी विचारलं. मी म्हटलं, उद्या. तुला लिहिलं, की बाबांना बोललं की दम लागतो. दम लागत होता, हे खरं आहे. पण दम लागत असताना ते तुझ्याचबद्दल बोलत होते, हे मी लिहिलं नाही.

का, ते मी सकाळपासून स्वतःला विचारते आहे. पासचं तेव्हा ठरलेलंही नव्हतं, त्यामुळे तेही कारण सांगता येत नाही. दादा, तू गेल्यावर चार वर्षं मी एकटीच होते. बाबांचा चहा, बाबांच्या गोळ्या, अर्ज लिहायला बाबांच्या शेजारची जागा, सगळं माझं. सगळे म्हणायचे, पांडूभाऊची लेक म्हणजे लेकासारखी. मला ते आवडायला लागलं होतं. दोन लिहिलं की मी परत अर्धी होणार, असं काहीतरी होतं माझ्या मनात. इतकं हलकं काही माझ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. आता लिहिलं. खोडत नाही.

स्वप्नील गेल्यावर मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला. पुरावा काय जोडायचा? तुझा दाखला तुझ्याकडे. म्हणून रेशनकार्ड काढलं. दादा, त्यावर तुझं नाव आहे! चार वर्षं झाली, अजून आहे. मी परत परत वाचलं. मुलगी सासरी गेली, कुणी वारलं, कुणी वेगळं झालं, की नाव कमी करायचा अर्ज गावात कोण लिहून देतं? बाबाच. दुसऱ्याचं एक महिना राहिलं तरी ओरडतात. आणि स्वतःच्या कार्डावरून त्यांनी तुला काढलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, “मी दोनदा बोलले, त्याचं नाव नेरळला लावून घेऊ दे. तर बोलले, माझ्याकडे फॉर्म संपलेत.”

बाबांकडे फॉर्म संपलेत! कपाटात गठ्ठा आहे.

मी स्कूटर काढली आणि सुटले. गेटवर सखामामा म्हणाले, “भेट उद्याला हाय ताई, आज काय?” मी म्हटलं, “आज भावाला आत घालायचंय.” त्यांनी खिडकीवरच्या क्लार्कना हाक मारली. ते संतोष नावाचे गृहस्थ, तीन दिवस झोपले नसावेत असे डोळे. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं.

“नऊ दिवसांपूर्वी एक अपत्य, आज दोन. मधल्या मधे भाऊ जन्माला आला का?”

“माझ्याआधी सहा वर्षं आलाय. मी लिहायला चुकले.”

“घाईत राहून गेलं, असं लिहा ना मग. इथं तुम्ही लिहिलंय, ‘माहीत असून चुकीचे लिहिले’. असं कुणी लिहितं का?”

“पण ते तसंच आहे.”

मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, घ्या ना तिचा भाऊ, आमचा नंबर येऊ द्या!” संतोषभाऊंनी रेशनकार्ड बघितलं, केसपेपर मागवून घेतला, एकवर काट मारली, दोन लिहिलं आणि सही केली. मग विचारलं, “नावं सांगा, वयाप्रमाणे.” मी सांगितली. एक, कपिल. दोन, स्नेहल. त्यांनी लिहिली तेव्हा आत कुठेतरी टोचलं, नाही म्हणत नाही. पण लगेच इतकं हलकं वाटलं, की मी त्यांना दोनदा जय भीम घातला.

मग ते म्हणाले, “पास एकच आहे हां. कुणाच्या नावे ठेवू?”

उद्याचा अकराचा पास तुझ्या नावे केला आहे.

मला दादा, आत जायचं होतं. फार जायचं होतं. नऊ रात्री मी त्या साठ पावलांचा विचार करत झोपले. तरी दुसऱ्या कुणाचं नाव मला तिथे उच्चारताच आलं नाही. माझा नंबर पुढच्या रविवारी लागेल, किंवा देव करो आणि त्याआधी ते घरीच येवोत.

आता नीट वाच. साडेदहाला गेटवर पोच. आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स आण, झेरॉक्सची दुकानं बंद आहेत, म्हणून तुझ्याच दुकानातून काढून आण. आत मोबाइल नेता येत नाही, तेव्हा सानवीचा फोटो कागदावर छापून घे, प्लास्टिकच्या पिशवीत घाल. तो परत मिळणार नाही, बाबांकडेच राहील. किटमध्ये चष्म्यावर वाफ धरते, तुला काहीच दिसणार नाही, म्हणून बेडजवळ गेल्यावर आधी थोडा थांब. किट घातल्यावर सगळे सारखेच दिसतात, तेव्हा कोण आलंय ते तूच बोल. मोठ्याने बोल.

ते काय म्हणतील ते मला माहीत नाही. नोंद दुरुस्त करा म्हणाले, राग गेला असं म्हणाले नाहीत. कदाचित दहा मिनिटं कंपनीच्या नोकरीवरूनच बोलतील. ऐकून घे. मास्क काढू देऊ नकोस.

मी गेटवर असेन, पिवळ्या ड्रेसमध्ये. तू बाहेर आलास की आधी माझ्यावर जे काय चिडायचं ते चिड, आणि मग ते कसे दिसतात ते मला सगळं, अगदी सगळं सांग.

येशील ना?

तुझी धाकटी,
स्नेहल